हरलेल्या सिद्धान्ताची कमाई

१९४० च्या दशकात खगोलशास्त्राच्या हिशेबात एक अडचणीची गोष्ट होती. विश्वाचं वय पृथ्वीपेक्षा कमी निघत होतं. दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत आणि जितकी दीर्घिका लांब तितका तिचा वेग जास्त, हे एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दाखवून दिलं होतं. हा हिशेब उलटा मांडत मागे गेलं, की सगळं एके जागी केव्हा होतं ते काढता येतं. हबल यांच्या आकड्यांवरून उत्तर येई सुमारे २०० कोटी वर्षं. इकडे भूशास्त्रज्ञ खडकांतल्या युरेनियम आणि शिशाची प्रमाणं मोजून सांगत होते, की पृथ्वीच ३०० कोटी वर्षांहून जुनी आहे. मुलाचा जन्मदाखला आईच्या दाखल्याच्या आधीचा निघावा, तसा प्रकार; आणि दोन्ही दाखले सहीशिक्क्यानिशी.

अशा विसंगतीपुढे बहुतेक जण हात जोडून बसतात. कुठेतरी मोजमाप चुकलं असेल, आज ना उद्या सापडेल, असं म्हणतात. (या प्रकरणात ते बरोबरच ठरले, पण ते पुढे.) केंब्रिजमधल्या तिघांनी मात्र हिशेबाऐवजी गृहीतकालाच हात घातला. फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड. दुसऱ्या महायुद्धात तिघं ब्रिटिश नौदलासाठी रडारवर एकत्र काम करत होते, आणि रात्रीच्या गप्पांत विश्वाची उत्पत्ती चघळत होते. ‘डेड ऑफ नाइट’ नावाचा एक भुताखेतांचा चित्रपट त्यांनी पाहिला. त्याचा शेवट पुन्हा सुरुवातीशी येऊन मिळतो. त्यावरून गोल्ड यांनी विचारलं, की विश्वही असंच असलं तर? सतत बदलतंय, तरी एकूण चित्र तेच.

१९४८ मध्ये यातून स्थिरस्थिती सिद्धान्त पुढे आला. विश्व प्रसरण पावतं हे त्याला मान्य. पण दीर्घिका लांब जाऊन जी जागा मोकळी होते, तिच्यात नवं द्रव्य निर्माण होत राहतं आणि त्यातून नव्या दीर्घिका घडतात. म्हणून विश्वाला आरंभ नाही, अंत नाही आणि वयाचा प्रश्नच उद्भवत नाही. शून्यातून द्रव्य कसं येईल, असा आक्षेप लगेच आला. हॉइल यांचं उत्तर असं, की सगळं द्रव्य एकाच क्षणी आलं हे तुम्हाला चालतं, मग थोडं थोडं आलेलं का चालू नये? आणि ते थोडं म्हणजे फारच थोडं होतं. एक घनमीटर जागेत अब्जभर वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. कोणत्याही प्रयोगशाळेत तो पकडणं शक्य नव्हतं.

समोरच्या बाजूला होते बेल्जियमचे धर्मगुरू-गणिती जॉर्ज लमेत्र आणि अमेरिकेत स्थायिक झालेले जॉर्ज गॅमॉव्ह. विश्वाची सुरुवात अतिघन, अतितप्त अवस्थेतून झाली, असं त्यांचं म्हणणं. या कल्पनेला आज आपण ज्या नावाने ओळखतो ते नाव तिच्या विरोधकानेच दिलं. मार्च १९४९ मध्ये बीबीसीवरच्या भाषणात हॉइल यांनी तिचा उल्लेख ‘बिग बँग’ असा केला, आणि मराठीतही ती ‘महास्फोट’ म्हणूनच रुळली.

या वादाची कथा सहसा दोन ओळींत सांगतात. दोन सिद्धान्त होते, १९६५ मध्ये पुरावा सापडला, एक जिंकला, एक हरला. खरी हकिगत याहून बरीच गुंतागुंतीची आहे आणि मला ती अधिक शिकवणारी वाटते. या वादात बरोबर बाजूने चुकीचे पुरावे दिले, चुकीच्या बाजूने बरोबर गोष्टी शोधल्या, आणि हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांचं निम्मं काम करून दिलं.

आधी मूलद्रव्यांचं बघू. गॅमॉव्ह आणि त्यांचे विद्यार्थी राल्फ अल्फर यांचा दावा होता, की सगळी मूलद्रव्यं महास्फोटानंतरच्या काही मिनिटांतच तयार झाली. एकेक कण जोडत जायचं, हायड्रोजनपासून हीलियम आणि तसंच पुढे. पण इथे एक खाच होती. पाच किंवा आठ कणांचं टिकाऊ अणुकेंद्रच निसर्गात नाही. चार कणांच्या हीलियमला एक कण जोडा, तो लगेच सुटतो. दोन हीलियम जोडा, तेही तत्काळ फुटतात. त्यामुळे महास्फोटाची गाडी हीलियमच्या थोडी पुढे जाऊन थांबे.

तारे हीच मूलद्रव्यांची भट्टी असावी, हा विचार हॉइल यांनी १९४६ मध्येच, म्हणजे स्थिरस्थितीच्याही आधी मांडला होता. पण एकदा महास्फोट नाकारल्यावर त्यांच्याकडे दुसरी भट्टी उरलीच नाही. ताऱ्यांतून सगळं निघालंच पाहिजे, नाहीतर आपला सिद्धान्त गेला. ही निकड मोठी कामाची ठरली. ताऱ्याच्या गाभ्यात तीन हीलियम एकत्र येऊन कार्बन व्हायला हवा, पण गणिताने ती क्रिया फारच मंद निघत होती. १९५३ च्या सुमारास हॉइल यांनी उलटा विचार केला. कार्बन तर जगात मुबलक आहे. म्हणजे त्याच्या अणुकेंद्राला अशी एक उत्तेजित अवस्था असलीच पाहिजे, जिच्यामुळे ही क्रिया वेग घेते. तिची ऊर्जा किती असावी हेही त्यांनी काढलं, सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. मग ते कॅलिफोर्नियातल्या ‘कॅलटेक’मध्ये विल्यम फाउलर यांच्या अणुभौतिकी प्रयोगशाळेत गेले आणि ती अवस्था शोधा म्हणाले. एक खगोलशास्त्रज्ञ येतो आणि अणुकेंद्राच्या ऊर्जेचा आकडा सांगतो, म्हटल्यावर फाउलर यांचा विश्वास बसेना. पण तिथल्या गटाने प्रयोग केला, आणि अवस्था जवळजवळ सांगितल्या जागी सापडली.

१९५७ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉइल या चौघांचा शंभरावर पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. कार्बन, ऑक्सिजनपासून लोखंड-युरेनियमपर्यंतची मूलद्रव्यं ताऱ्यांत आणि त्यांच्या स्फोटांत कशी घडतात, याचा तो पाया आहे. महास्फोट मानणारे आजचे सगळे खगोलशास्त्रज्ञ तो पाया वापरतात. फाउलर यांना १९८३ मध्ये नोबेल मिळालं. हॉइल यांना मिळालं नाही आणि त्याबद्दलची हळहळ अजून संपलेली नाही.

दुसरी आघाडी रेडिओ दुर्बिणींची. केंब्रिजमध्येच मार्टिन राइल होते. तेही युद्धकाळात रडारवर काम केलेले, तापट आणि हॉइल यांच्याशी पटत नसलेले. आकाशातले रेडिओ स्रोत नुसते मोजले तरी विश्वाची परीक्षा घेता येते, हे त्यांनी ओळखलं. पद्धत अशी. समजा, स्रोत सगळीकडे सारखे पसरले आहेत. एका ठरावीक तेजापेक्षा ठळक असलेले सगळे स्रोत मोजा. आता ती मर्यादा चौथ्या हिश्शावर आणा. तेज अंतराच्या वर्गाने घटतं, म्हणजे तुम्ही दुप्पट लांबचं बघू लागलात. दुप्पट अंतर म्हणजे आठपट घनफळ, म्हणून स्रोतही आठपट मिळायला हवेत. विश्वाच्या प्रसरणामुळे प्रत्यक्षात आठाहून थोडे कमीच मिळतील. पण आठाहून जास्त मिळाले तर? लांबचं बघणं म्हणजे पूर्वीचं बघणं, कारण तिथून निघालेला प्रकाश आज पोचतो आहे. आठाहून जास्त स्रोत म्हणजे पूर्वी स्रोत अधिक किंवा अधिक तेजस्वी होते, म्हणजे विश्व बदललं. आणि विश्व बदललं असेल, तर स्थिरस्थिती संपली. आपण कशाने मरू हे या सिद्धान्ताने आधीच सांगून ठेवलं होतं. हा त्याचा मला सगळ्यात मोठा गुण वाटतो.

१९५५ मध्ये राइल यांनी १९३६ स्रोतांची यादी काढली. त्यांच्या आकड्यांतून आठपट नव्हे, तर चक्क साठपटीच्या आसपास वाढ दिसत होती. स्थिरस्थितीचा निकाल लागला, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. तेवढ्यात ऑस्ट्रेलियातून बर्नार्ड मिल्स यांनी सिडनीजवळच्या आपल्या दुर्बिणीने आकाशाचा तोच पट्टा तपासला. दोन याद्या ताडून पाहिल्या तर फारच थोडे स्रोत जुळले. राइल यांच्या यंत्राची नजर पुरेशी तीक्ष्ण नव्हती. जवळजवळचे अनेक मंद स्रोत मिसळून एकच ठळक स्रोत असल्याचा भास होत होता. यादीतला मोठा भाग असल्या भासांचा होता. हॉइल गटाला केवढा आनंद झाला असेल, ते सांगायला नको.

राइल खचले नाहीत. त्यांनी उपकरणं सुधारली, नव्या याद्या केल्या. १९६१ च्या सुरुवातीला लंडनमध्ये मुलार्ड कंपनीच्या कार्यालयात पत्रकार परिषद ठेवली गेली. हॉइल यांना सपत्नीक बोलावणं होतं. त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे, की त्यांना व्यासपीठावर बसवण्यात आलं आणि काय जाहीर होणार याची त्यांना कल्पना नव्हती. आपल्याला बोलावलं म्हणजे निकाल आपल्याकडून असेल, असंही मनात आलं. राइल उभे राहिले आणि नवे आकडे सांगू लागले. या वेळी वाढ आठाऐवजी साधारण बारापट निघत होती. मग पत्रकारांसमोर हॉइल यांना विचारलं गेलं, तुमचं यावर काय म्हणणं? वैज्ञानिक वाद कसा करू नये, याचा हा नमुना. समोरच्याला आकडे आधी न देता चारचौघांत उत्तर मागणं, यात सत्यशोधन कमी आणि कुरघोडी जास्त.

त्याच वर्षी फेब्रुवारीत रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत राइल पुन्हा बोलणार होते. हॉइल यांचा दुसरीकडे कार्यक्रम ठरलेला होता. त्यांनी आपल्या जागी पाठवलं ते संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेल्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला, म्हणजे कोल्हापुरात जन्मलेल्या आणि बनारसमध्ये वाढलेल्या जयंत नारळीकरांना. समोर केंब्रिजच्या रेडिओ खगोलशास्त्राचे प्रमुख, आणि उत्तर द्यायला हा मुलगा.

गुरु-शिष्यांचा युक्तिवाद असा होता. दीर्घिका विश्वात एकसारख्या विखुरलेल्या नाहीत. कोट्यवधी प्रकाशवर्षं पसरलेले त्यांचे प्रचंड महासमूह आहेत आणि मधे तितक्याच प्रचंड पोकळ्या. आपण एखाद्या पोकळीत असलो, तर जवळचे स्रोत कमी दिसणार आणि लांबचे तुलनेने जास्त. मग राइल यांचे आकडे स्थिरस्थितीतही बसतात. तेव्हा पुष्कळांना ही पळवाट वाटली. एवढ्या मोठ्या आकाराचे समूह असतील, यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. १९८० च्या दशकात दीर्घिकांचे त्रिमितीय नकाशे तयार झाले आणि महासमूह आणि पोकळ्या खरंच सापडल्या. फक्त त्यांच्यामुळे स्थिरस्थिती वाचली नाही. राइल यांचा पहिला पुरावा खोटा आणि निष्कर्ष खरा. हॉइल-नारळीकरांची कल्पना खरी आणि निष्कर्ष खोटा. चूक आणि बरोबर यांची वाटणी माणसागणिक होत नाही, ती अशी वाक्यागणिक होते.

या काळात वयाची ती मूळ विसंगती कुठे गेली? वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये दाखवलं, की अंतर मोजायला वापरले जाणारे सेफाइड जातीचे तारे दोन वेगळ्या प्रकारचे आहेत आणि हबल यांनी ते एकच धरले होते. अंतरं दुप्पट झाली, वयही दुप्पट झालं. पुढच्या मोजमापांनी ते आणखी वाढलं. म्हणजे ज्या अडचणीतून स्थिरस्थिती जन्मली ती अडचण चार वर्षांतच विरू लागली होती, तरी सिद्धान्त आपल्या पायावर उभा होता.

मतभेद स्वतःच्या घरातूनही निघत. जून १९६४ मध्ये हॉइल आणि नारळीकरांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त रॉयल सोसायटीत मांडला. भाषण संपल्यावर काठीच्या आधाराने एक तरुण विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, की तुम्ही मांडलेली राशी प्रसरण पावणाऱ्या विश्वात अनंत होते. तुम्हाला कसं कळलं, असं हॉइल यांनी विचारलं. गणित करून पाहिलं, असं उत्तर आलं. तो स्टीफन हॉकिंग. केंब्रिजमध्ये नारळीकरांची खोली त्याच्या खोलीजवळच होती, त्यांच्याकडची समीकरणं त्याने आधीच पाहिली होती. हॉइल रागावले, नारळीकर आणि हॉकिंग यांचे संबंध मात्र चांगले राहिले. हॉकिंगच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण याच टीकेचं आहे.

१९६५ चा निकाल सर्वपरिचित आहे. न्यू जर्सीत बेल प्रयोगशाळेच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन यांना सगळ्या दिशांनी सारखाच येणारा मायक्रोवेव्ह गुणगुणाट ऐकू आला. कबुतरांची घाण साफ करूनही तो जाईना. त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर साडेतीन अंश निघालं. अल्फर आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्ये महास्फोटाचा अवशेष म्हणून सुमारे पाच अंशांचं असंच प्रारण असेल, असं लिहून ठेवलं होतं. ते सगळे विसरले होते.

यातली मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट १९५६ ची आहे. कॅलिफोर्नियात ला होया इथे गॅमॉव्ह यांनी हॉइल यांना आपल्या पांढऱ्या कॅडिलॅक गाडीतून फिरवलं. असं प्रारण असलंच पाहिजे, असं गॅमॉव्ह सांगत होते. तुम्ही म्हणता तेवढं तापमान शक्य नाही, असं हॉइल सांगत होते. कारण अंतराळातल्या सायनोजेन रेणूंच्या निरीक्षणांवरून अँड्र्यू मॅकेलर यांनी १९४१ मध्येच तीन अंशांची मर्यादा दाखवली होती. एकाकडे भाकीत, दुसऱ्याकडे मोजमाप, आणि दोघं एकाच गाडीत. ते तीन अंश म्हणजेच शोधत असलेलं प्रारण, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. गॅमॉव्ह यांना आकडा मोठा हवा होता, हॉइल यांना शून्य. प्रतिपक्षाचं म्हणणं खोडण्यापुरतंच ऐकलं की असं होतं.

हॉइल हट्टी होते, पण अप्रामाणिक नव्हते. विश्वात वस्तुमानाच्या सुमारे एक चतुर्थांश असलेलं हीलियम नेहमीच्या ताऱ्यांतून येऊ शकत नाही, त्याला कधीतरी अतितप्त अवस्था लागली असावी, हे १९६४ मध्ये रॉजर टेलर यांच्यासह दाखवणारे हॉइलच. आणि १९६७ मध्ये सहकारी वॅगनर यांच्यासह फाउलर आणि हॉइल यांनी महास्फोटात हलकी मूलद्रव्यं नेमकी किती तयार होतील, याचं सविस्तर गणित केलं. ते आजही महास्फोटाच्या मुख्य आधारांपैकी एक मानलं जातं. आपल्या शत्रुपक्षाची सर्वांत भक्कम तटबंदी स्वतः बांधून देणारा दुसरा वैज्ञानिक मला तरी आठवत नाही.

भारतातही या वादाने एक मोठं यंत्र उभं केलं. गोविंद स्वरूप १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. चंद्राच्या आड जाताना रेडिओ स्रोत कसा मंदावतो यावरून त्याचा आकार मोजता येतो आणि पुष्कळ मंद स्रोतांचे आकार मिळाले तर दोन सिद्धान्तांत निवाडा करता येईल, हे त्यांच्या मनात होतं. त्यासाठी निलगिरीत उटीजवळ असा उतार निवडला, ज्याचा कल तिथल्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंश आहे. त्यावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभारली की तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो, आणि एकाच अक्षाभोवती फिरवून चंद्राचा तासन् तास पाठलाग करता येतो. ती १९७० मध्ये सुरू झाली. १९७५ मध्ये स्वरूप आणि विजय कपाही यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले, की दूरचे, म्हणजे पूर्वीचे स्रोत आजच्यासारखे नव्हते. निकाल नारळीकरांच्या विरुद्ध होता. ते १९७२ मध्ये भारतात परतले होते, टाटा संस्थेतच होते आणि स्वरूप त्यांचे सहकारी. पुढे दोघांच्या संस्था, रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र आणि ‘आयुका’, पुणे विद्यापीठाच्या एकाच आवारात उभ्या राहिल्या.

नारळीकरांनी अखेरपर्यंत महास्फोट मानला नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित सिद्धान्त मांडला. त्यात सगळ्या दिशांनी येणाऱ्या त्या मायक्रोवेव्ह प्रारणाचं, म्हणजे पार्श्वप्रारणाचं, स्पष्टीकरण अंतराळातल्या लोखंडाच्या बारीक सुयांच्या धुळीवर सोपवलं होतं. इथे माझं मत त्यांच्या विरुद्ध पडतं. महास्फोटवाद्यांनीही कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा अशी ठिगळं लावलीच की, हा नारळीकरांचा आक्षेप रास्त आहे. पण पार्श्वप्रारणातल्या सूक्ष्म चढउतारांत विशिष्ट लहरी दिसतील, हे १९७० मध्येच लिहिलं गेलं आणि २००० च्या सुमारास त्या तशाच मोजल्या गेल्या. लोखंडाच्या सुया निरीक्षणानंतर आल्या. हा फरक मोठा आहे. २००४ मध्ये नारळीकर, बाँडी आणि गोल्ड यांच्यासह अनेकांनी एका जाहीर पत्रात तक्रार केली, की पैसा आणि दुर्बिणींचा वेळ एकाच सिद्धान्ताच्या वाट्याला जातो. सिद्धान्त चुकला तरी ही तक्रार चुकीची ठरत नाही. आणि आयुकाचे संस्थापक-संचालक म्हणून नारळीकरांनी स्वतः ती वेळ कोणावर आणली नाही. महास्फोटाच्या चौकटीत काम करणारे थानू पद्मनाभन यांच्यासारखे वैज्ञानिक तिथेच वाढले.

अशा वादांचा काळ सरलेला नाही. सध्या विश्वाच्या प्रसरणाचा वेगच वादात आहे. पार्श्वप्रारणावरून तो ६७ निघतो, सेफाइड तारे आणि महानवताऱ्यांवरून ७३. (एकक किलोमीटर प्रतिसेकंद प्रति मेगापार्सेक.) आपल्या मोजमापात एवढी त्रुटी नाही, असं दोन्ही गट म्हणतात, आणि एकमेकांच्या चुका काढण्यात दोघांनी कसर ठेवलेली नाही. तिसरा मार्ग गुरुत्वीय लहरींचा आहे. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळताना निघणाऱ्या लहरींतून अंतर थेट मिळतं, सेफाइडची गरज लागत नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणारी ‘लायगो-इंडिया’ आणि जगातले इतर शोधक मिळून अशा टकरींची जागा आकाशात नेमकी सांगू शकतील. २०१७ मध्ये अशी एक टक्कर टिपली गेली आणि तिच्यावरून आकडा आला ७०, अगदी मधोमध. त्रुटी मात्र एवढी, की दोन्ही गटांना तो आपलाच वाटला.